'ड्यूड' : एका उपहासाची कथा

वेषाची थट्टा करणारे शब्द प्रत्येक भाषेंत असतात. मराठींत नटव्या तरुणाला 'छेलछबेला' म्हणतात. अमेरिकेंत त्याला 'ड्यूड' हें नांव मिळालें. १८८३ च्या आरंभीं न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत हा शब्द अवतरला आणि थोड्याच महिन्यांत सर्वतोमुखी झाला. तंग विजार, उंच कॉलर, हातांत छडी आणि बोलण्यांत उसनी इंग्रजी ढब, असा हा श्रीमंत घरचा लाडका! 'यांकी डूडल' या १८ व्या शतकांतील गीताच्या नांवांतूनच हा शब्द निघाला असावा, असें संशोधकांचें मत आहे.

शब्द पश्चिमेकडे गेला, तेव्हां त्याचा अर्थ पालटला. तेथील गुराख्यांना शहरांतून आलेला प्रत्येक नवशिका 'ड्यूड'च वाटे. थिओडोर रूझवेल्ट यांना तरुणपणीं असली थट्टा दोन्हीकडे सोसावी लागली : १८८२ सालीं न्यूयॉर्कच्या विधिमंडळांत पोशाखावरून आणि पुढें डाकोटांत चष्म्यावरून. तरीहि १९०१ सालीं ते राष्ट्राध्यक्षपदीं आरूढ झाले. धनिकपुत्राचा उपहास बहुधा हंशांतच विरून जाई.

गरिबाच्या नशिबीं निराळेंच होतें. १९३० नंतरच्या दशकांत हार्लेमच्या नृत्यगृहांतून 'झूट सूट' पुढें आला : रुंद खांद्यांचा, गुडघ्यापर्यंत लांब कोट आणि घोट्याशीं आंवळलेली फुगीर विजार. कृष्णवर्णीय व मेक्सिकन वंशाच्या तरुणांनीं तो हौसेनें अंगीकारला. १९४२ सालीं युद्धामुळें कापडावर निर्बंध आले आणि हा घोळदार वेष अनेकांना देशद्रोहाचें चिन्ह वाटूं लागला. जून १९४३ मध्यें लॉस एंजलिस शहरांत नौदलाचे खलाशी व सैनिक यांनीं या तरुणांना कित्येक दिवस शोधशोधून मारलें, भर रस्त्यांत त्यांचे कपडे उतरविले. पोलिसांनीं पकडलें तें बहुतांशीं मार खाणाऱ्यांनाच. नगरसभेनें तर तो वेष घालणें हाच गुन्हा ठरवावा, असा ठराव केला.

याच तरुणांच्या आपसांतील बोलण्यांत 'ड्यूड' हा शब्द सोबत्यासाठीं रूढ झाला. हिणविण्याकरितां घडलेला शब्द हिणविलेल्यांनीं आपलासा केला. आज अमेरिकेंत तो कोणीहि कोणालाहि सहज म्हणतो. त्यांत कॉलर उरली नाहीं, छडीहि नाहीं. परंतु वेषावरून माणसाची किंमत करणाऱ्या समाजानें थट्टा कोणाची केली आणि प्रहार कोणावर केला, याची साक्ष त्या दोन अक्षरांजवळ अद्याप आहे.