ओतीव लोखंड वाचताना

जुन्या मोटारींचा विषय निघाला की बोलणे रंग, चाके आणि इंजिनाचा आवाज यांवरच थांबते. मोटारीत आज बसलेले इंजिन तिचे मूळचेच आहे का, हा प्रश्न मात्र लोखंडावरचे आकडे वाचल्याशिवाय सुटत नाही. या वाचनाला शास्त्राची शिस्त आहे, आणि ती कुणालाही शिकता येते.

नवख्या वाचकांनी शेव्हरोलेच्या छोट्या व्ही-8 पासून सुरुवात करावी. हे इंजिन 1955 साली आले, दशकानुदशके बनत राहिले आणि बाहेरून सारखेच दिसत राहिले. गिअरबॉक्स जोडतात त्या मागच्या कडेवर, चालकाच्या बाजूला, तेलाच्या थराखाली तुम्हाला उठावाचे आकडे सापडतील. ते साच्यातच असल्याने ब्लॉकबरोबर ओतले गेले. समजा, तिथे 3970010 आहे. हा क्रमांक ओतीवाचा. त्यातून 302, 327 आणि 350 घन इंच अशी तिन्ही इंजिने बनली, म्हणून एवढ्यावरून क्षमता ठरवू नये. त्याच कडेच्या दुसऱ्या बाजूला ‘जी 1 9’ दिसले, तर जी म्हणजे सातवा महिना, 1 ही तारीख आणि 9 हा सालाचा शेवटचा अंक. साल 1969 की 1979? आता पुढे, उजव्या हेडजवळच्या सपाट पट्टीवर ठोकलेला शिक्का पाहा: ‘व्ही 0710 डीझेड’. व्ही म्हणजे फ्लिंटचा कारखाना, 0710 म्हणजे 10 जुलै आणि डीझेड ही 1969 च्या कॅमरो झेड/28 मधल्या 302 इंजिनाची खूण. जोडणीचे साल शिक्क्यात नसते, ते ओतकामाच्या तारखेवरून कळते. त्या तारखेतला दशकाचा संशय शिक्का फेडतो. ओतकाम आधी, जोडणी नंतर आणि मोटार त्याही नंतर. हा क्रम उलटा निघाला, तर काहीतरी बदललेले आहे.

मूळ इंजिनाच्या मोटारीला भाव जास्त, त्यामुळे शिक्के घासून नवे ठोकणारेही आहेत. कारखान्यात पट्टी कापताना तिच्यावर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा राहतात. त्या नसतील तर सावध व्हावे, पण लगेच आरोप करू नये. दुरुस्तीत ब्लॉक तासला तरी त्या जातात.

फोर्डची रीत निराळी. क्रमांकाच्या आरंभी सी म्हणजे साठचे दशक, पुढे 5 असेल तर रचना 1965 ची. तारखेत आधी साल, मग महिना. महिन्यांत आय हे अक्षर गाळलेले आहे, त्यामुळे जे म्हणजे शेव्हरोलेत ऑक्टोबर, पण फोर्डमध्ये सप्टेंबर. या एका अक्षरापायी चांगले जाणकारही फसू शकतात.

वाचकांना एक विनंती. ब्लॉक तासायला किंवा रंगवायला देण्यापूर्वी वायर ब्रशने हलकेच साफ करा, तिरपा उजेड टाकून प्रत्येक आकड्याचे छायाचित्र घ्या आणि जागेसकट वहीत नोंदवा. घासून गेलेला शिक्का पुन्हा मिळत नाही.