उतारावरील वळणाची विद्या

बर्फाच्या उतारावरून पायांना लाकडी पट्ट्या बांधून खाली घसरत जाण्यास फारशी विद्या लागत नाही. ते काम पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण आपण होऊनच करते. विद्या लागते ती वळण्यासाठी. वळता आले म्हणजे वेग आवरता येतो, आणि वेग आवरता आला तरच माणूस धडधाकट पायथ्याशी पोहोचतो. म्हणूनच स्कीइंगचा इतिहास हा वस्तुतः वेगाचा नसून वळणाचा इतिहास होय.

नॉर्वेमध्ये स्की हे हजारो वर्षांचे हिवाळी वाहन. परंतु पाय केवळ चवड्यापाशी अडकवलेला असे; त्यामुळे तीव्र उतारावर पट्टीवर हुकमत राहत नसे. टेलेमार्क प्रांतातील मोर्गेदाल येथील सोन्द्रे नोरहाइम (१८२५–१८९७) या गरीब कुळाने पिळलेल्या लवचिक फांद्यांचा बंध टाचेमागून घेतला आणि पट्टीची कंबर किंचित निमुळती केली. १८६८ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, राजधानी क्रिस्तियानिया येथे, म्हणजे आजच्या ऑस्लोत, त्याने आपले कौशल्य दाखविले, तेव्हा प्रेक्षक थक्क झाले. एक पाय पुढे सरकवून, मागचा गुडघा वाकवून व टाच उचलून घेतलेले वळण पुढे ‘टेलेमार्क’ म्हणून, तर दोन्ही पट्ट्या जवळजवळ समांतर ठेवून आडव्या सरकवीत घेतलेले वळण ‘क्रिस्तियानिया’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

फ्रित्यॉफ नान्सेनने १८८८ साली स्कीवरून ग्रीनलंड ओलांडले. त्याचा वृत्तांत वाचून मध्य युरोपात अनेकांना या वाहनाचे वेड लागले. ऑस्ट्रियातील लिलिएनफेल्डचा मथियास झ्दार्स्की हा त्यांपैकीच एक. आल्प्सचे कडे नॉर्वेच्या टेकड्यांहून अधिक उभे आहेत, हे त्याने लवकरच ओळखले. त्याने पट्ट्या आखूड केल्या, धातूची बांधणी योजिली आणि एक पट्टी तिरपी फाकवून तिच्यावर भार टाकीत सावकाश वळण्याची रीत बसविली. १९०५ च्या मार्चमध्ये त्याने लिलिएनफेल्डजवळ ८५ दारे रोवून जी स्पर्धा घेतली, तिची कसोटी मुख्यतः वळणाचीच होती. नॉर्वेच्या पक्षपात्यांनी या पद्धतीची यथेच्छ टवाळी केली. तथापि तिच्यामुळे भित्रा नवशिकाही उतारावर उभा राहू लागला, हे नाकारता येत नाही.

या प्रयत्नांना शिक्षणक्रमाचे रूप दिले ते हान्नेस श्नायडर याने. आर्लबर्ग खिंडीजवळच्या श्टूबेन गावी १८९० साली जन्मलेला हा तरुण १९०७ पासून सांक्ट आंतोन येथे शिकवू लागला. पहिल्या महायुद्धात सैनिकांना शिकविताना क्रमवार शिक्षणाचे मोल त्याला अधिकच पटले. प्रथम दोन्ही पट्ट्यांची पाचर, मग एकच पट्टी फाकवून वळण, अखेरीस वळता वळता पट्ट्या समांतर आणणे, अशा इयत्ता त्याने ठरविल्या. एक इयत्ता साधल्याखेरीज पुढची नाही. अंगभूत धाडसाची जागा अभ्यासाने घेतली.

मद्रास येथे १८८८ साली जन्मलेला इंग्रज आर्नोल्ड लन हा श्नायडरचा स्नेही. १९२२ साली आधुनिक स्लालोम स्पर्धेचे नियम त्यानेच घडविले आणि १९२८ साली दोघांनी मिळून सांक्ट आंतोन येथे ‘आर्लबर्ग-कंदाहार’ ही शर्यत सुरू केली. तिच्या नावातील ‘कंदाहार’ हे फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या बिरुदावरून आलेले आहे. १९३८ च्या मार्चमध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. नाझींना विरोध करणाऱ्या श्नायडरला अटक झाली. त्याच्या निषेधार्थ लनने त्या वर्षीची शर्यत रद्द केली. सुटकेनंतर १९३९ साली श्नायडर अमेरिकेतील नॉर्थ कॉनवे येथे गेला व १९५५ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिला. राजसत्तेने त्याचे गाव हिरावले; त्याची विद्या मात्र हिरावता आली नाही, कारण तोवर ती शिष्यांच्या पायांत उतरली होती.

विद्या पुढे सरकतच राहिली. साल्झबुर्गच्या रुडॉल्फ लेट्नरने १९२६ साली पोलादी कडांचे पेटंट घेतले. कठीण बर्फावर पट्टीला पकड आली. आंतोन झेलोसने पाचर न करता समांतर वळणे साधली आणि फ्रान्सच्या एमिल आलेने १९३७ साली शामोनी येथे तिन्ही जागतिक विजेतेपदे पटकावून त्या रीतीवर मोहोर उठविली. १९९० नंतरच्या दशकात पट्टीची कंबर पुष्कळच बारीक करण्यात आली. आता पट्टी कडेवर कलवली की तीच बर्फात कमान कोरीत वळते. मोर्गेदालच्या कुळाने सुताराच्या हत्याराने जे आरंभिले, तेच कारखान्यांनी अशा रीतीने परिणतीस नेले.

नव्या रीतीने जुनीला त्याज्य ठरवावे, हे प्रत्येक पिढीत घडले; तरीही जुनी रीत नाहीशी झाली नाही. ती पहिल्या इयत्तेचा धडा होऊन राहिली. गुलमर्गच्या उतारावर प्रथमच उभे राहणारे मूल आजही पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणते, मागची फाकविते आणि त्या पाचरीच्या आधाराने आपली भीती आवरते.