१६ की ४८? पन्नास पौंडांचा प्रश्न

नवा फोन घेताना दुकानदार विचारतो, "सहा जीबी की आठ जीबी?" आणि आपण दोन किमतींकडे आलटून पालटून बघत बसतो. आज याच प्रश्नाची जुनी गोष्ट सांगतो. त्यात मेमरी मोजलीय केबीमध्ये. एका जीबीत दहा लाखांहून जास्त केबी बसतात, एवढं डोक्यात ठेवा आणि चला १९८२च्या ब्रिटनमध्ये.

त्या वर्षी एप्रिलमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती कॉम्प्युटर आणला. रबराची बटणं, पडदा म्हणून घरचा टीव्ही, आणि प्रोग्रॅम साठवायला गाण्यांची असते तशी कॅसेट. तो दोन प्रकारांत मिळायचा. १६ केबी मेमरीचा १२५ पौंडांना, ४८ केबीचा १७५ पौंडांना. बाकी यंत्र तेच.

पन्नास पौंड म्हणजे किती? याच कंपनीचा आधीचा झेडएक्स८१ हा अख्खा कॉम्प्युटर सत्तर पौंडांना मिळत होता. आणि त्याच जानेवारीत ब्रिटनमधल्या बेकारांची संख्या तीस लाखांच्या वर गेली होती. पोराला कॉम्प्युटर घेऊन देणाऱ्या आईबापांसाठी ही रक्कम किरकोळ नव्हती.

बरं, कमी मेमरीचा त्रास काय असतो हे लोकांनी झेडएक्स८१वर भोगलेलं होतं. त्यात मेमरी होती फक्त १ केबी! टीव्हीचा पडदा अक्षरांनी पूर्ण भरला तर त्यातली तीन चतुर्थांश मेमरी पडद्यालाच जायची. म्हणून लोक मागच्या बाजूला १६ केबीची एक डबी खोचायचे. ती सैल बसायची. टाइप करताना यंत्र जरा हललं की डबी डुगडुगली, आणि तासाभराची मेहनत गायब. लोक ती चिकटपट्टीने बांधून ठेवायचे.

त्यामुळे स्पेक्ट्रममध्ये १६ केबी आतच बसवलेली मिळतेय, हे ऐकून बऱ्याच जणांना ती चैन वाटली असेल. पण इथे एक मेख होती. स्पेक्ट्रम रंगीत होता, आणि त्याचं रंगीत चित्र जवळपास ७ केबी खायचं. उरले ९ केबी. ४८वाल्याकडे उरायचे ४१. म्हणजे डब्यावर तिप्पट लिहिलेलं असलं, तरी प्रत्यक्ष हातात साडेचारपट जागा यायची. आजही फोनच्या डब्यावरचा आकडा आणि ॲप्सना खरोखर मिळणारी मेमरी यांत असाच फरक असतो, कारण आधी सिस्टिम आपला वाटा घेते.

आता ४८च का? पन्नास का नाही, चौसष्ट का नाही? त्यातला झेड८० प्रोसेसर एकूण ६४ केबीचेच पत्ते मोजू शकायचा. त्यातले १६ कायमस्वरूपी आज्ञावलीला, म्हणजे रॉमला. उरले ४८.

आणि ते ४८ कसे भरले, हा माझा सगळ्यात आवडता भाग. १६ केबी मूळचे, वर ३२ केबींची भर. ही भर घालायला सिंक्लेअरच्या लोकांनी अर्ध्या बिघडलेल्या चिप स्वस्तात घेतल्या! चिप बनवताना काहींचा एक अर्धा भाग सदोष निघायचा. कंपनीने फक्त चांगला अर्धा वापरला. वरचा अर्धा चांगला की खालचा, हे बोर्डावरच्या एका छोट्या तारेने ठरायचं. मला यात फसवणूक दिसत नाही. उलट टाकाऊ माल असा वापरल्याशिवाय ४८ केबी त्या किमतीत देणं अवघड गेलं असतं.

मग १६ घेणारे चुकले का? १९८२मध्ये तरी तसं म्हणता येणार नाही. गेम्स अजून फारसे आलेलेच नव्हते, आणि नंतर चिप टाकून मेमरी वाढवायची सोय होती. पुढच्या वर्षीचा 'जेटपॅक' हा अप्रतिम गेम १६ केबीवर मस्त चालायचा. पण त्याच वर्षी मॅथ्यू स्मिथ या पोरसवदा प्रोग्रॅमरचा 'मॅनिक मायनर' आला, त्याला ४८ लागायचे. गेम लिहिणाऱ्यांना ९ केबीत अंग चोरून बसायचं नव्हतं. त्यांनी मोठं यंत्र गृहीत धरलं, आणि १६वाल्यांसाठी दुकानातल्या कॅसेटींचा एकेक खण बंद होत गेला. किती मेमरी पुरे, हे घेणाऱ्याच्या गरजेपेक्षा या लिहिणाऱ्यांनीच जास्त ठरवलं.

१९८३मध्येच किमती उतरल्या. ४८ केबीचा स्पेक्ट्रम १२९ पौंड ९५ पेन्सना मिळू लागला. म्हणजे वर्षभर थांबलेल्या माणसाला, पहिल्या दिवशी १६ केबीला पडले असते त्याहून जेमतेम पाच पौंड जास्त देऊन ४८ मिळाले. फक्त मधलं एक वर्ष त्याच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. बारा वर्षांच्या मुलासाठी ते वर्ष किती पौंडांचं, याचा हिशेब तुम्हीच करा.

१९८४च्या शेवटी आलेला स्पेक्ट्रम प्लस थेट ४८ केबीचाच होता. त्याचीच परवानाधारक आवृत्ती पुढे भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने विकली. त्यामुळे आपल्याकडे ज्यांच्या घरी ते यंत्र आलं, त्यांच्यापुढे १६ की ४८ हा प्रश्न आलाच नाही.

तुमच्यापुढे मात्र तो आहे, आणि जरा जास्त कडक आहे. स्पेक्ट्रमचं झाकण उघडून चिप टाकता यायची. तुमच्या फोनची रॅम कारखान्यातच डाग देऊन पक्की केलेली असते. काउंटरवर जो आकडा निवडाल, तोच फोन जाईपर्यंत.