बाकांच्या क्रमाने लिहिलेला गावाचा इतिहास : मिडल, श्रॉपशायर

मंडळी, इंग्लंडचा इतिहास म्हटला की आपल्यापुढे राजे, राण्या आणि पार्लमेंट उभं राहतं. आज मात्र आपल्याला जायचंय ते श्रॉपशायर परगण्यातल्या मिडल नावाच्या एका लहानशा पॅरिशमध्ये. श्रूजबरी शहराच्या उत्तरेला काही मैलांवर हे गाव आहे. एक पडका किल्ला, एक चर्च, आजूबाजूला वाड्या, गुरांची कुरणं आणि जंगल तोडून, दलदल उपसून काढलेली शेतं. इथे मोठी लढाई झाली नाही, कुणी जगप्रसिद्ध माणूस जन्मला नाही. तरीही सतराव्या शतकातल्या इंग्रज खेड्याचा अभ्यास करणाऱ्याला मिडल टाळून पुढे जाता येत नाही. याचं कारण रिचर्ड गॉफ नावाचा इथलाच एक शेतकरी.

आधी पॅरिश म्हणजे काय ते बघू. एका चर्चच्या अखत्यारीतला मुलूख म्हणजे पॅरिश. पण तिथे फक्त प्रार्थना होत नसे. १५३८ मध्ये थॉमस क्रॉमवेलने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवावी. १६०१ च्या कायद्याने गरिबांना पोसण्याची जबाबदारीही पॅरिशवर टाकली. त्यासाठी घरटी पट्टी बसवायची, गोळा करायची आणि वाटायची. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर देऊळ, ग्रामपंचायत आणि जन्ममृत्यूचं दप्तर, सगळं एकाच ठिकाणी.

आता आपण नोंदवही उघडली, तर काय मिळतं? नाव, तारीख, फार तर बापाचं नाव. माणूस जन्मला, लग्न झालं, मेला. मधली सगळी वर्षं कोरी. ही कोरी जागा गॉफने भरून काढली.

गॉफचा जन्म १६३५ चा. पॅरिशमधल्याच न्यूटन ऑन द हिल या वाडीतला हा खातापिता शेतकरी. तरुणपणी एका जमीनदाराकडे कारकुनी केलेली, त्यामुळे कागदपत्रांची आणि कायद्याची चांगली जाण. लॅटिनही येत होतं. पासष्टी उलटल्यावर, १७०१ च्या सुमारास, तो गावाचा इतिहास लिहायला बसला. आणि त्याने केलं काय, तर चर्चमधल्या बाकांचा नकाशा काढला. प्रत्येक बाकावर कोणत्या घराचा हक्क ते लिहिलं, आणि मग एकेक बाक घेऊन त्या घराण्याची हकीकत सांगितली.

ही कल्पना आपल्याला गमतीची वाटते, पण तिच्यामागे पक्का हिशेब होता. बाकावरचा हक्क माणसाचा नसे, तो घराचा किंवा शेताचा असे. जमीन विकली की बाकही नव्या मालकाकडे जाई. मोठ्या शेतांची बाकं पुढे आणि झोपडीवाल्यांची मागे. म्हणजे रविवारी सकाळी चर्चच्या दारात उभं राहिलं की गावाचा सातबारा माणसांच्या रूपाने समोर बसलेला दिसे! यावरून तंटेही होत. गॉफ सांगतो की पूर्वी चर्चमध्ये थोडीच बाकं होती आणि बरीच जागा मोकळी होती. पुढे पोरंटोरं आणि पट्टी न देणारे लोक गावातल्या प्रतिष्ठितांच्या पुढे बसू लागले, तेव्हा ते अशोभनीय ठरलं आणि जागांची नव्याने व्यवस्था लावावी लागली. जो पट्टी भरतो त्याने पुढे बसायचं, असा हा सरळ न्याय.

घराण्यांची माहिती इतकी बारकाईने ठेवण्याला आणखी एक कारण होतं. या भागात जमीन पुष्कळदा तीन हयातींच्या पट्ट्याने मिळे. पट्ट्यात तीन माणसांची नावं घालायची, आणि त्यांतला शेवटचा जिवंत असेपर्यंत कुळाचा ताबा. साहजिकच कोण कुणाचा मुलगा, कोण कधी मेला, ही नुसती चौकशी राहत नसे. त्यावर घर टिकायचं किंवा जायचं. वंशावळ हा तिथे पोटाचा प्रश्न होता.

आता आपण यादवी युद्धाकडे येऊ. १६४२ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात लढाई जुंपली. गॉफ तेव्हा शाळकरी वयाचा. मिडलच्या टेकडीवर सैन्यभरती होती, ती बघायला तो गेला. टेकडीच्या माथ्यावर हातात कागद घेतलेला माणूस, शेजारी जमिनीत रोवलेले भाले, आणि घोषणा : राजाच्या बाजूने लढेल त्याला आठवड्याला १४ ग्रोट. म्हणजे ५६ पेन्स. गरीब पोरांना हा आकडा मोठा वाटला असणार.

साठ वर्षांनी गॉफने हिशेब मांडला. मिडल, मार्टन आणि न्यूटन या तीन वाड्यांतून २० माणसं युद्धावर गेली. त्यांतली १३ मेली. तो एकेकाची नोंद देतो. त्यांत रिचर्ड चॅलोनर नावाचा एक मुलगा आहे. लग्नाबाहेर जन्मलेला, पॅरिशच्या पैशावर वाढलेला. अंगाने दांडगा झाल्यावर तो श्रूजबरीला जाऊन सैन्यात भरती झाला, एजहिलच्या लढाईला गेला, आणि नंतर त्याचं काही कळलं नाही. एवढंच. एजहिलवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. राजा कुठे उभा होता, घोडदळ कुठून सुटलं, सगळं त्यांत सापडतं. पण हा पोरका मुलगा गावी परतला नाही, हे कुणाच्या तरी लक्षात राहिलं होतं, ते फक्त इथे कळतं. गॉफ पुढे म्हणतो की तीन वाड्यांत एवढे गेले, तर देशभर किती हजार गेले असतील याचा अंदाज करावा. मंडळी, आकडेवारीचं शास्त्र रुजायच्या आधी एका शेतकऱ्याने केलेला हा विचार आहे.

खेडं म्हणजे पिढ्यानपिढ्या एका जागी बसलेली माणसं, अशी आपली एक समजूत असते. गॉफ वाचला की ती ढासळते. त्याच्या पानांत लंडनला गेलेली माणसं जागोजाग भेटतात, आणि त्याला त्याचं नवल वाटत नाही. दुसरीकडचा पुरावाही हेच सांगतो. नॉटिंगहॅमशायरमधल्या क्लेवर्थ गावात पाद्रीबाबांनी १६७६ आणि १६८८ अशा दोन याद्या केल्या होत्या. पहिलीत ४०१ माणसं, दुसरीत ४१२. वाटावं की गाव जागच्या जागी आहे. पण पीटर लॅसलेटने विसाव्या शतकात नावं जुळवून पाहिली, तर १२ वर्षांत सुमारे ६० टक्के माणसं बदललेली होती. काही मेली होती, पण त्याहून जास्त गाव सोडून गेली होती.

आणि माणसं हलू लागली की प्रश्न येतो : हा माणूस कुणाचा? १६६२ च्या कायद्याने वर्षाला १० पौंडांपेक्षा कमी भाड्याच्या घरात राहायला आलेल्या परक्याला ४० दिवसांच्या आत तक्रार करून त्याच्या मूळ पॅरिशला परत धाडता येत असे. १६९७ च्या कायद्याने तर मदत घेणाऱ्या गरिबाच्या उजव्या बाहीवर लाल किंवा निळ्या कापडाचं अक्षर शिवायला लावलं. गॉफने आपल्या लिखाणात अशा खटल्यांना वेगळी जागा दिली आहे. कोणता गरीब आपला आणि कोणता शेजारच्या पॅरिशचा, यावर दोन गावं कोर्टात भांडत. इथे तो आपल्या गावाच्या तिजोरीच्या बाजूने बोलतो. पट्टी भरणारा शेतकरीच तो! पुढच्या बाकावरून दिसणारं हे गाव आहे, हे आपण वाचताना विसरू नये. बायकांच्या हकीकतीही बहुतेक घरधन्याच्या ओघात येतात.

मग त्याच्यावर विश्वास किती ठेवायचा? डेव्हिड हे या इतिहासकाराने गॉफचं लिखाण पॅरिशच्या नोंदवह्या, मृत्युपत्रं आणि मालमत्तेच्या याद्यांशी ताडून पाहिलं. १९७४ मध्ये त्याचं मिडलवरचं पुस्तक आलं. म्हातारा बहुतांशी बरोबर निघाला. आठवणीला कागदाची जोड आणि कागदाला आठवणीची, हीच आपल्याही कामाची रीत असायला हवी.

गॉफ १७२३ मध्ये वारला. त्याचं लिखाण छापलं गेलं १८३४ मध्ये, तेही अपुरं. पूर्ण स्वरूपात ते १८७५ मध्ये आलं. म्हणजे शंभरावर वर्षं ते हस्तलिखितच होतं. मधल्या काळात ते एखाद्या चुलीत गेलं असतं, तर मिडलची नोंदवही आपल्याला नावं आणि तारखा देत राहिली असती. रिचर्ड चॅलोनर मात्र त्यात सापडला नसता, कारण त्याचं दफन मिडलमध्ये झालंच नाही.

आपल्यापैकी जे स्वतःच्या घराण्याचा शोध घेताहेत, त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं. आपलं आडनाव शोधताना शेजारच्या बाकावरची माणसंही उतरवून घ्या. मागच्या भिंतीला टेकून बसलेल्यांची तर आधी घ्या, कारण त्यांच्याकडे जमीन नव्हती, म्हणून कागदही थोडे. आणि घरात सत्तरीचं, ऐंशीचं कुणी असेल, तर त्यांना विचारायला उशीर करू नका.

आता प्रश्न घेऊ.