पाठीवरचं बिऱ्हाड

तर झालं असं, की दोन आठवड्यांपूर्वी आमच्या टीममधल्या सगळ्यात ज्येष्ठ टेस्टर बाईंनी मला एक एक्सेल शीट पाठवली. "फॉर्म्युले तपासून दे," एवढंच. बाई एकोणसाठच्या, एकट्या. 65 ला निवृत्त व्हायचं, सॅन होजेतलं घर विकायचं, एक आरव्ही घ्यायची (म्हणजे आत ओटा, पलंग, संडास असलेली गाडी) आणि कायमचं त्यातच राहायचं, असा बेत. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, अगदी तसं.

शीट भारी होती. डिझेल, टायर, विमा, महागाईचा दर... सगळं वयाच्या 95 पर्यंत. फॉर्म्युले बरोबर. फक्त वर्षाला 12,000 मैल हा आकडा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तसाच ओढत नेलेला. मी विचारलं, "92 व्या वर्षी पण बारा हजार मैल?" बाई हसल्या. म्हणाल्या, "तेच मला भरता येत नाहीये. म्हणून तुला दिली."

टेस्टरच त्या. बग त्यांना आधीच सापडला होता :)

मला गाड्यांतलं फार कळत नाही, पण वीकेंड मोकळे असतात. तेव्हा आपल्याआधी हा प्रयोग कोणी केला आणि त्यांनी ही ओळ कशी भरली, हे वाचत बसलो.

गाडीत मुक्काम करण्याची हौस अमेरिकेत जुनी. 1919 साली फ्लोरिडात टॅम्पाच्या एका बागेत काही हौशी मंडळी जमली आणि 'टिन कॅन टुरिस्ट्स' नावाची संघटना निघाली. रेडिएटरच्या झाकणावर टिनचा डबा लावायचा, ही त्यांची खूण. 1936 मध्ये एअरस्ट्रीमची चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची 'क्लिपर' आली, किंमत 1,200 डॉलर. म्हणजे बऱ्यापैकी गाडी तेव्हाच मिळत होती. पण म्हातारपणी कायम तिच्यात राहायचं तर गाडी पुरत नाही, दरमहा येणारे पैसे लागतात.

ते आले 1940 पासून. सोशल सिक्युरिटीचा पहिला मासिक चेक व्हरमाँटच्या आयडा मे फुलर या बाईंना मिळाला, 22.54 डॉलरचा. त्यांनी तीन वर्षांत भरले होते 24.75 डॉलर. पुढे त्या शंभर वर्षं जगल्या आणि एकूण 22,888.92 डॉलर घेऊन गेल्या! आमच्या बाईंनी शीट 95 पर्यंत का नेली, ते इथे कळलं. आपण किती जगू हे ठरवता येत नाही, जास्त जगलो तर काय हे मात्र ठरवावं लागतं. 1965 साली मेडिकेअर आलं आणि 65 नंतरच्या औषधपाण्याची बरीचशी सोय झाली. बाईंनी निवृत्तीसाठी 65 हाच आकडा धरला, त्याचं कारणही हेच.

एकट्याने फिरण्याचं वेड मात्र एका लेखकाने लावलं. 1960 मध्ये जॉन स्टाइनबेक, वय 58, तब्येत यथातथा, ट्रकवर बसवलेल्या 'रोसिनांते' नावाच्या केबिनमधून चार्ली या कुत्र्याला घेऊन देश बघायला निघाला. 1962 मध्ये 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' आलं आणि माणूस, कुत्रा, मोकळा रस्ता हे चित्र लोकांच्या मनात पक्कं बसलं. पण तपशील बघा. शिकागोत त्याची बायको येऊन भेटली, पश्चिम किनाऱ्यावर बराच काळ ती बरोबर होती आणि कितीतरी रात्री हॉटेल-मोटेलात गेल्या. मी त्याला खोटा म्हणत नाही. पण एकट्याच्या प्रवासाची सगळ्यात गाजलेली गोष्ट तितकीशी एकट्याची नव्हतीच, हे लक्षात ठेवायला हवं.

मला खरी माणसं सापडली ती 1978 मध्ये. जो आणि के पीटरसन, तो इलेक्ट्रिशियन, ती नर्स. दोघं आधीच गाडीत राहत होते. त्यांनी 'एस्केपीज' नावाचा क्लब काढला. टेक्सासमधलं लिव्हिंग्स्टन हे गाव त्याचं मुख्य ठाणं. या क्लबने एक अगदी कंटाळवाणा प्रश्न सोडवला: पत्ता. पेन्शनचा चेक, लायसन्स, मतदान, विमा, सगळ्याला पत्ता लागतो. क्लबने तो दिला, टपाल घेतलं आणि सभासद असेल तिथे पाठवलं. आजही असे लोक टेक्सास, फ्लोरिडा किंवा दक्षिण डकोटाचा पत्ता निवडतात, कारण तिथे राज्याचा प्राप्तिकर नाही.

आणि मग माझी ओळ. गाडी चालवता येईनाशी झाल्यावर काय? पीटरसन मंडळींनी लिव्हिंग्स्टनलाच 'केअर' नावाचं केंद्र काढलं. आपली गाडी तिथे नेऊन उभी करायची, राहायचं आपल्याच गाडीत, आणि जेवणाला, देखरेखीला, डॉक्टरकडे न्यायला माणसं. घर तेच, फक्त चाकं थांबलेली. वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. फिरणाऱ्यांच्या क्लबने थांबण्याची जागा बांधली होती!

2008 च्या मंदीनंतर मात्र बेत न आखताच रस्त्यावर आलेले म्हातारे वाढले. घर गेलं, शिल्लक गेली, म्हणून व्हॅन. जेसिका ब्रूडरने 2017 च्या 'नोमॅडलँड' पुस्तकात त्यांचं जगणं मांडलं, त्यावरच्या सिनेमाला 2021 मध्ये ऑस्कर मिळालं. साठी-सत्तरीतली माणसं सीझनपुरती गोदामात राबताना त्यात दिसतात. पण अ‍ॅरिझोनाच्या क्वार्टझसाइटला हिवाळ्यात हीच मंडळी एकत्र जमतात, एकमेकांच्या गाड्या दुरुस्त करतात, कोण दिसलं नाही याची चौकशी करतात. आमच्या भाषेत, एकटा माणूस म्हणजे सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. जोडप्यातला एक आजारी पडला तर दुसरा स्टिअरिंग धरतो. एकट्याला हा बॅकअप आधीच, धडधाकट असतानाच जमवावा लागतो. ऐंशीव्या वर्षी नवीन ओळखी कुठून आणणार?

सोमवारी बाईंना एवढंच सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर शीट उघडली, 80 च्या पुढे मैलांच्या जागी शून्य टाकलं आणि कायम उभं राहण्याच्या जागेसाठी खर्चाची नवी ओळ घातली. दुसरी ओळ: दरवर्षी एक हिवाळा ओळखीच्या माणसांत. शेवटी थोडे पैसे कमी पडले. "आता खरी शीट झाली," म्हणाल्या. अजून दोन वर्षं जास्त नोकरी करणार आहेत.

असो. त्या रात्री पुण्याला फोन केला. आई एकटीच असते, तिसरा मजला, लिफ्ट नाही. गुडघे कुरकुरतात. विचारलं, "आई, जिना चढता येईनासा झाला की काय करायचं?"

"अरे, तेव्हाचं तेव्हा बघू. तू जेवलास का?"

जेवलो होतो. मीही अडतिसाचा, एकटाच, आणि आईच्या आणि माझ्या मध्ये बाराहून जास्त तासांचा फरक. दुसऱ्याच्या शीटमधली चूक मला एका मिनिटात दिसली. आमच्या घरी तर शीटच नव्हती.

फोन ठेवल्यावर नवीन एक्सेल उघडली. पहिल्या रकान्यात आईचं वय लिहिलं, 71. दुसऱ्यात काय लिहायचं ते पुढच्या रविवारी तिलाच विचारणार आहे. या वेळी तिने जेवणाचं काढलं तरी विषय सोडायचा नाही.