आपोआप पडणारा गिअर

गेल्या हिंवाळ्यांत एका जुन्या विद्यार्थ्याच्या गॅरेजमध्यें मीं चार दुपारी घालविल्या. शाळेंत अपूर्णांकांना भिणारा हा मुलगा आतां पंचेचाळिशीचा झाला असून मोटारींच्या स्वयंचलित गिअरपेट्या खोलून पुन्हां जुळविण्याच्या कामांत मोठा वाकबगार समजला जातो. एका हौशी गृहस्थांची १९५० च्या आसपासची अमेरिकन गाडी त्याच्याकडे आली होती. तिला क्लचचें पेडल नाहीं; गिअर आपोआप पडे. पण अलीकडे दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जातांना इंजिन मोकाट ओरडे, आणि मग असा हिसका बसे कीं मागें बसलेल्याची टोपी कपाळावर येई.

बाकावर मांडलेल्या त्या शेंकडों तुकड्यांकडे पाहून मीं विचारलें, "अरे, हें सारें पुन्हां जागेवर बसेल ना?"

तो म्हणाला, "गुरुजी, बसविणें सोपें आहे. कारखान्यानें तें असेंच कां बसविलें होतें, हें समजणें कठीण."

त्या उत्तरानें मला या विषयाच्या इतिहासाकडे वळविलें. मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नाहीं. मॅट्रिक होऊन आयुष्यभर मुलांना गणित शिकविलेला मनुष्य आहें. तेव्हां श्रोत्यांनीं माझें निरूपण त्या बेतानें घ्यावें.

मोटारीला गिअर मुळांत लागतो कशाला? बैल उभा गाडा हलवितो तेव्हां पहिल्या पावलालाच सर्वांत अधिक जोर लावतो. पेट्रोलच्या इंजिनाची तऱ्हा उलटी. मंद फिरत असतां तें दुबळें असतें. वेगानें फिरूं लागलें म्हणजे त्याच्या अंगीं बळ येतें. म्हणून इंजिन जलद आणि चाकें हळू, अशी तडजोड लहानमोठ्या दंतचक्रांनीं करावी लागते. फ्रान्समध्यें एमिल लव्हासॉर यानें १८९० नंतरच्या दशकांत सरकत्या दंतचक्रांची पेटी रूढ केली आणि तीच रीत जगभर पसरली. फिरतीं चाकें एकमेकांत ढकलावयाचीं, आणि तीं करकरलीं तर मुकाट्यानें ऐकावयाचें. आवाज न होतां गिअर टाकणारा ड्रायव्हर त्या काळीं कारागीर मानला जाई.

या त्रासावर मोठा उतारा १९२८ सालीं कॅडिलॅक गाड्यांत आला. अर्ल थॉम्प्सन या अमेरिकन अभियंत्यानें दोन चाकें एकमेकांत शिरण्यापूर्वीं त्यांची गति सारखी करणारी रचना शोधून काढली. तिलाच सिंक्रोमेश म्हणतात. (कॅडिलॅक बनविणाऱ्या जनरल मोटर्स कंपनीनें त्याच वर्षीं आपल्या मुंबईंत शिवडीस मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला, तो १९५४ पर्यंत चालला.) दुसरा कोणी असता तर एवढ्या यशावर स्वस्थ बसला असता. थॉम्प्सनला मात्र ड्रायव्हरचा डावा पाय आणि उजवा हात दोन्हीं मोकळे करावयाचे होते.

त्यासाठीं लागणाऱ्या दोन कल्पना जगांत आधींच होत्या. पहिली जर्मनीची, आणि ती मोटारींतून आली नसून जहाजांतून आली. वाफेचें टर्बाइन फार वेगानें फिरतें, जहाजाचा पंखा मात्र सावकाश फिरला पाहिजे. हा मेळ घालण्याकरितां स्टेटिन येथील व्हल्कन गोदींत काम करणाऱ्या हर्मान फ्योटिंगर यानें १९०५ सालीं द्रवाच्या साहाय्यानें शक्ति पोंचविणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसराही फिरूं लागतो. वाऱ्याच्या जागीं तेल घाला, दोन्हीं पंखे एका बंद डब्यांत कोंडा, आणि झालें तुमचें द्रव-युग्मक! इंजिन हळू असतां तेल नुसतें ढवळलें जातें व गाडी उभी राहते. इंजिनाचा वेग वाढला कीं गाडी अलगद निघते. क्लचचें पेडल येथेंच संपलें.

दुसरी कल्पना सूर्यमालेसारख्या दंतचक्रांची. मध्यें सूर्य, भोंवतीं ग्रह, आणि सर्वांना वेढणारें, आंतून दांते असलेलें कडें. यांपैकीं एकास धरून ठेवावें, दुसऱ्यास फिरवावें, म्हणजे तिसऱ्यावर बदललेली गति मिळते. कोणतेंही दोन भाग एकत्र बांधले तर सारें मंडळ एकजीव होऊन सरळ फिरतें. येथें चाक सरकवावें लागत नाहीं. दांते सदैव एकमेकांत असतात. फोर्डच्या १९०८ च्या टी मॉडेलमध्यें हीच युक्ति होती, पण पकड घेण्याचें काम ड्रायव्हरच्या पायाकडे होतें. थॉम्प्सनच्या मंडळीनें तें काम दाबाखालील तेलाकडे दिलें.

१९३९ च्या उत्तरार्धांत, १९४० च्या ओल्ड्समोबाईल गाड्यांकरितां, 'हायड्रामॅटिक' नांवाची ही पेटी अवघ्या ५७ डॉलर अधिक घेऊन मिळूं लागली. मोठ्या प्रमाणावर बनलेली ही पहिलीच पूर्ण स्वयंचलित गिअरपेटी. गिअर केव्हां बदलावा हें ती ठरवी कसें? गाडीचा वेग वाढे तसतसा एका बाजूनें तेलाचा दाब वाढे. ॲक्सिलरेटर जितका दाबावा तितका दुसऱ्या बाजूनें रेटा येई. मध्यें बोटाएवढी झडप. ज्या बाजूची सरशी होई त्या बाजूला ती सरके आणि गिअर बदले. चढावर पाय दाबलेला असतां गिअर उशिरां बदले, सपाटीवर लवकर. विजेचा संबंध नाहीं, कीं हिशेब करणारें दुसरें कोणतें यंत्र नाहीं. नुसतें तेल आणि स्प्रिंगा. मला तर ती झडप बाजारांतील तराजूसारखी वाटते.

आणि आतां माझ्या आवडीचें गणित. पुढें जाण्याचे चार गिअर; पण त्यांसाठीं सूर्यमंडळें दोनच. प्रत्येकाच्या अवस्था दोन, मंद किंवा सरळ. दोन दुणे चार. पहिल्या गिअरमध्यें दोन्हीं मंद. दुसऱ्यांत पुढचें सरळ, मागचें मंद. तिसऱ्यांत पुढचें मंद, मागचें सरळ. चौथ्यांत दोन्हीं सरळ. चतुर श्रोत्यांच्या लक्षांत आलेंच असेल कीं, पहिल्यावरून दुसऱ्यावर आणि तिसऱ्यावरून चौथ्यावर जातांना एकच मंडळ बदलतें. पण दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जातांना दोघांनींही एकाच क्षणीं उलटावयाचें असतें. एकाचा क्लच सुटून त्याला पट्ट्यानें धरावयाचें, दुसऱ्याचा पट्टा सुटून त्याचा क्लच धरावयाचा. पकड घेण्यास किंचित् उशीर झाला तर इंजिन मोकाट ओरडतें. किंचित् घाई झाली तर पकडी एकमेकींशीं भांडतात आणि हिसका बसतो. बाकावरच्या त्या गाडीचें दुखणें नेमकें हेंच होतें. कारागीर ऐंशी वर्षें याच जागीं झगडत आले आहेत. पट्टे किती ताणावे याची विद्या मुख्यतः या एका क्षणासाठीं आहे.

पुढें महायुद्ध आलें. १९४२ सालीं अमेरिकेंत खाजगी मोटारी बनविणें थांबलें, पण ही पेटी थांबली नाहीं. एम-५ नांवाच्या हलक्या रणगाड्यांत कॅडिलॅकचीं दोन इंजिनें आणि प्रत्येकामागें एक हायड्रामॅटिक अशी जोडी बसविण्यांत आली. मागाहून एम-२४ मध्यें तसेंच झालें. घरगुती सुखासाठीं निघालेल्या यंत्राची याहून कठोर परीक्षा कोणती? युद्ध संपल्यावर कंपनीनें जाहिरातींत या गोष्टीचा पुरेपूर उपयोग केला, हें सांगावयास नको.

मागणी एवढी वाढली कीं, लिंकनसारख्या प्रतिस्पर्धी गाड्याही १९४९ पासून ही पेटी विकत घेऊन वापरूं लागल्या. आणि १२ ऑगस्ट १९५३ रोजीं मिशिगनमधील लिव्होनिया येथील हायड्रामॅटिकचा कारखाना जळाला. धातु कापणाऱ्या ज्योतीची ठिणगी तेल सांचलेल्या तबकांत पडली, एवढेंच निमित्त. कांहीं कामगार प्राणांस मुकले. मोटारी तयार, पण गिअरपेट्या नाहींत! तेव्हां कित्येक कॅडिलॅक व ओल्ड्समोबाईल गाड्यांना ब्यूइकची 'डायनाफ्लो' पेटी बसवून वेळ निभावली. युद्धांत जेथें बाँबफेकीं विमानें बनत त्या विलो रनच्या इमारतींत हायड्रामॅटिकचें काम कांहीं आठवड्यांतच पुन्हां सुरू झालें. विलो रनला २०१० पर्यंत गिअरपेट्या बनत होत्या.

डायनाफ्लोचें नांव निघालें तें बरें झालें, कारण माझ्या विद्यार्थ्याच्या कोड्याचें उत्तर तिच्यांत आहे. १९४८ च्या ब्यूइकमध्यें आलेली ही पेटी सर्वसाधारण चालींत गिअर बदलतच नसे. जोर वाढविण्याचें काम सारें तेलाकडे. गाडी लोण्यावरून सरकल्यासारखी चाले, पण निघतांना मंद आणि पेट्रोलला खादाड. तरीही लोकांना ती आवडली. गिऱ्हाइकाला हिसका नको आहे, ही गोष्ट कारखानदारांना पक्की कळली. आतां गिअर मऊ पडावा कसा? क्लचच्या घर्षणपट्ट्यांनीं एकदम पकड न घेतां थोडा वेळ घसरत राहावें. म्हणून तेलाचा मार्ग बारीक भोंकांतून न्यावयाचा, दाब हळू चढूं द्यावयाचा. पण घसरणें म्हणजे घासणें, आणि घासणें म्हणजे उष्णता. मागें बसलेल्यांना जें सुख वाटतें तें आंतल्या पट्ट्यांच्या आयुष्यांतून कापलेलें असतें.

१९५६ च्या हायड्रामॅटिकमध्यें पुढच्या क्लचच्या जागीं दुसरें द्रव-युग्मक घालून तो कुप्रसिद्ध क्षण आणखी मऊ करण्यांत आला. गिऱ्हाइकें खूष झालीं. शर्यतीच्या नादीं लागलेले कॅलिफोर्नियांतील तरुण मात्र भंगारांतून जुन्या पेट्याच शोधूं लागले. १९५३ सालीं सुरू झालेल्या 'बी अँड एम' सारख्या दुकानांनीं त्या पेट्या अधिक बळकट करून विकण्याचा धंदाच उभारला. त्यांची रीत कारखान्याच्या बरोबर उलट: दाब वाढवा, स्प्रिंगा कडक करा, झडपांखालच्या पत्र्यांतील भोंकें मोठीं करा, घर्षणपट्ट्यांची संख्या वाढवा, तेलाला वेगळा कूलर द्या. पकड झटक्यानें बसते, घसरण वांचते, पट्ट्या टिकतात. अर्थात् अतिरेक केला तर तोच झटका दंडाला आणि ड्रमला फोडतो. 'शिफ्ट किट' या नांवानें आज जें साहित्य मिळतें त्याचें मूळ या उलट्या विचारांत आहे.

एक गोष्ट मला ठाऊक नव्हती, आणि ती वाचून मी अस्वस्थ झालों. पट्ट्यांनीं न थरथरतां मऊ पकड घ्यावी म्हणून या पेट्यांच्या तेलांत स्पर्म जातीच्या देवमाशाचें तेल मिसळीत. १९७० सालीं अमेरिकेनें या प्राण्याला संकटग्रस्त ठरविलें आणि १९७३ च्या कायद्यानें तो मार्ग कायमचा बंद झाला. बदली म्हणून काढलेलें एक तेल कूलरमधील धातूचे जोड खाऊं लागलें, तेव्हां तें पुन्हां बदलावें लागलें. म्हणजे कित्येक वर्षें गिअरचा तो मऊपणा समुद्रांतील जिवांच्या रक्तावर पोसला जात होता, आणि गाडींत बसणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांना त्याची वार्ता असेल.

आतां पुन्हां गॅरेजकडे. माझ्या विद्यार्थ्याच्या बाकावर इतकी स्वच्छता होती कीं, शाळेंत त्याच्या वहीवर ती कधीं पाहिली नाहीं. तो चिंध्या वापरीत नाहीं. एक धागा झडपेंत अडकला कीं सारा उद्योग वाया. नव्या घर्षणपट्ट्या जोडणीपूर्वीं तेलांत भिजत घातलेल्या. लहान वॉशर जागेवर चिकटून राहावे म्हणून तो व्हॅसलीन लावी. ग्रीस कां नाहीं, असें मीं विचारलें. "व्हॅसलीन तेलांत विरघळतें, गुरुजी. ग्रीसची गोळी भोंकांत जाऊन बसते." पेटी मिटण्यापूर्वीं त्यानें प्रत्येक वाटेंत दाबाची हवा सोडली, क्लच 'ठक्' करून धरी, आणि तो मान हलवी.

गाडीचे मालक आले. "मला गिअर पडलेला कळतां कामा नये," असें त्यांचें म्हणणें.

"साहेब, थोडासा कळूं द्या," विद्यार्थी म्हणाला. "अजिबात न कळणारा गिअर पट्ट्या खातो. दोन वर्षांनीं पुन्हां माझ्याकडे याल."

बरीच घासाघीस होऊन मधला दाब ठरला. संध्याकाळीं आम्ही तिघे गाडी घेऊन निघालों. मी मागें बसलों होतों. पहिला सुटला, दुसरा पडला. मीं श्वास धरला. तिसरा पडला तेव्हां कोणीं पाठीवर हलकीच थाप द्यावी तेवढें जाणवलें. मीं टोपीला हात लावून पाहिला. ती जागेवर होती.