बर्फाच्या गुहेची वाट कोणी राखली?

मधल्या सुट्टीत आमच्या शाळेतले गणिताचे सर अमरनाथ यात्रेचा फॉर्म घेऊन बसले होते. ते आणि वहिनी, दोघंही पन्नाशी ओलांडलेली. डबा उघडता उघडता त्यांनी विचारलं, "सर, तुमचा तिकडचा अभ्यास आहे. वर जायला घोडेवाला करावा लागेल. ठेवावा का भरवसा?"

प्रश्नात खोट नव्हती. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळ बैसरनला २६ माणसं मारली गेली, त्यांत सहा आपल्या महाराष्ट्रातली होती. पर्यटकांना घोड्यावरून नेणारा सय्यद आदिल हुसेन शाह हाही त्या २६ जणांतलाच. ही दोन्ही वाक्यं एका दमात उच्चारणं आजकाल अवघड झालंय. सरांनी निदान माझ्या तोंडावर विचारलं, याचं मला बरंच वाटलं.

खरं सांगतो, माझ्या ओठांवर पहिल्यांदा बूटा मलिकची गोष्ट आली होती. तुम्हीही ती वाचली असेल, दरवर्षी यात्रेच्या दिवसांत मोबाईलवर फिरत असते. १८५० च्या सुमारास बटकोटच्या बूटा मलिक नावाच्या मेंढपाळाला एका साधूने कोळशाची पिशवी दिली, घरी जाऊन बघतो तर सोनं. आभार मानायला परत गेला तेव्हा साधू नव्हता, गुहा होती. म्हणजे गुहा मुसलमानानेच शोधली! आपल्या लोकांना ही गोष्ट फार आवडते. मलाही आवडायची.

पण इतिहास म्हणून ती टिकत नाही. बाराव्या शतकात कल्हणाने राजतरंगिणीत एका शुभ्र सरोवराबद्दल लिहिलंय, की अमरेश्वराच्या यात्रेला जाणारे लोक ते वाटेत पाहतात. पुढे पंधराव्या शतकात सुलतान झैनुल आबिदीन लिद्दर नदीवर कालव्याचं काम चालू असताना अमरनाथला जाऊन आल्याची नोंद जोनराजाने केली आहे. अबुल फजलने आईन-ए-अकबरीत तर थेट बर्फाच्या मूर्तीचंच वर्णन केलंय: अमावस्येनंतर बुडबुड्याएवढा बर्फ धरतो, पंधरा दिवस रोज थोडा थोडा वाढत दोन गजांहून उंच होतो आणि मग चंद्राबरोबर उतरत जातो. (चंद्राचं सोडून द्या. छतातून झिरपणारं पाणी खाली थेंबाथेंबाने गोठतं आणि खांब वर चढतो. पण माणसाने चौकशी बारकाईने केली होती.)

आणि बर्निये! औरंगजेबाच्या लवाजम्याबरोबर हा फ्रेंच वैद्य काश्मिरात गेला होता. तो लिहितो, की विचित्र गोठलेल्या आकारांनी भरलेल्या एका गुहेकडे मी निघालो होतो, पण माझे नवाब माझ्या लांबलेल्या गैरहजेरीने अस्वस्थ झाल्याचा निरोप आला आणि मला परतावं लागलं. ही गुहा अमरनाथचीच असावी, असं अभ्यासक मानतात. रजा मंजूर न झाल्याने फसलेली सहल! आम्हा शिक्षकांना हे दुःख नवीन नाही. नंतर इंग्रज प्रवासी व्हीनही शेषनागपर्यंत जाऊन खराब हवेमुळे मागे फिरला. त्याचं पुस्तक १८४२ चं, म्हणजे बूटा मलिकच्या गोष्टीआधीचं.

मग मलिकांचं काय उरलं? माझ्या मते गोष्टीपेक्षा मोठं काही उरलं. वॉल्टर लॉरेन्स हा जमाबंदीचा अधिकारी. त्याचं काश्मीरवरचं पुस्तक १८९५ चं. त्यात बटकोटच्या मलिकांची कामं दिली आहेत: वाट दुरुस्त ठेवणं, यात्रेकरूंना वाट दाखवत नेणं, आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना उचलून आणणं, चोरी होऊ न देणं. त्याबद्दल गुहेतल्या अर्पणाचा तिसरा हिस्सा त्यांचा. याला चमत्कार म्हणता येणार नाही. हे वतन आहे, आणि वतन म्हणजे काय ते महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्या गावगाड्यात जशी कामं आणि हक्क पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले होते, तसंच हे. यात्रा हिंदूंची, वाट राखण्याची जबाबदारी एका मुसलमान घराण्याची, आणि त्यात कुणाला नवल वाटत नव्हतं.

२००० साली श्राइन बोर्डाचा कायदा झाला आणि हा वाटा थांबला. हक्क गेला, काम मात्र गेलं नाही. ते हजारो मजुरांत वाटलं गेलं. पालखी उचलणारे, पाठीवर सामान नेणारे पिठ्ठू, घोडे हाकणारे मरकबान. मरकब म्हणजे स्वारी, वाहन. उर्दूच्या तासाला हा शब्द मी कितीदा फळ्यावर लिहिलाय. यातले बहुतेक काश्मिरी मुसलमान, आणि त्यांचा वर्षाचा बराच खर्च या थोड्या आठवड्यांवर चालतो.

सरांच्या हातातल्या फॉर्मलाही इतिहास आहेच. १९९६ च्या ऑगस्टमध्ये अवेळी हिमवादळ झालं, दोनशे चाळीसहून अधिक यात्रेकरू गेले. त्यानंतर नेमलेल्या सेनगुप्ता समितीने नोंदणी, वय आणि प्रकृती यांची बंधनं सुचवली. आज तेरा ते सत्तर वयाची अट आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र आहे, त्यामागे ती प्रेतं आहेत. म्हणून ओळखीच्या डॉक्टरकडून घरबसल्या सही आणू नका, असं मी सरांना जरा कडक आवाजातच सांगितलं.

बालटालहून गुहा चौदा किलोमीटर, पण चढ अंगावर येतो. पहलगामची वाट लांब: चंदनवाडीपर्यंत गाडी, पुढे पिस्सू टॉप, शेषनाग, महागुणस खिंड, पंचतरणी. खिंड चौदा हजार फुटांवर आहे. गुहा तिच्याहून खाली आहे, तरी पावणेतेरा हजारांच्या आसपास. मुक्काम करत गेलं तर विरळ हवा शरीराला मानवत जाते. डोकं दुखून उलट्या सुरू झाल्या तर पुढे न जाता खाली उतरायचं. ओढ्यावर साचलेला बर्फ वरून पक्का दिसतो, खालून पाण्याने पोखरलेला असतो. तिथे मरकबान जिथून नेईल तिथूनच जायचं, फोटोसाठी बाजूला व्हायचं नाही. माणूस नोंदणी झालेला घ्यायचा, त्याचं ओळखपत्र बघायचं, दर आधी ठरवायचा.

"म्हणजे ठेवायचा भरवसा," सर म्हणाले.

"बर्फावर तरी दुसरा इलाज नाही," मी म्हणालो.

त्यांनी फॉर्मवर पहलगाम लिहिलं. मग वहीचं कोरं पान पुढे केलं: "गुडघे दुखतात, हळू चला, हे उर्दूत कसं म्हणायचं ते देवनागरीत लिहून द्या." मी लिहून दिलं. घंटा झाली, सर सातवीच्या वर्गावर गेले. डबा तसाच राहिला होता.